मुंबईला हलवण्याआधी

१९८२ साली दिवाळीची अमावास्या १५ नोव्हेंबरला होती. त्या सकाळी वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठावरच्या आश्रमात विनोबा भावे गेले. दहा दिवसांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. डॉक्टर आले, औषधे सुरू झाली, प्रकृती थोडी सावरली. आणि सावरल्यानंतर, पूर्ण शुद्धीत असताना, ८७ वर्षांच्या विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही नाकारले. डॉक्टरांनी विनवले, जवळच्या माणसांनी विनवले. ते बधले नाहीत. पुढच्या आठवड्याभरात त्यांनी देह ठेवला.

विनोबा मूळचे पेण तालुक्यातले. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोद्याला त्यांचा जन्म झाला आणि लहानपणाची वर्षे आजोबांच्या, शंभुरावांच्या छायेत गेली. त्यांनी पुढे सांगितलेली त्या घरातली एक आठवण मला फार मोलाची वाटते. गणेशोत्सवात आजोबा मूर्ती बाजारातून आणत नसत. घरातली मुले चंदन उगाळून देत आणि त्या गंधाचीच मूर्ती घडवली जाई. इतक्या कष्टाने केलेली मूर्ती थोड्या दिवसांत पाण्यात सोडायची, याचे लहान विन्याला वाईट वाटे. आवाहन आले तिथे विसर्जनही आले, हे त्याला त्या घरात कळले. ज्या तालुक्यात गणपतीचे कारखाने बारा महिने चालतात, तिथल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली गीतेवरची प्रवचने आपल्याकडे घरोघर आहेत. त्यातल्या आठव्या अध्यायावरच्या प्रवचनात विनोबा मरणाबद्दलच बोलतात. शेवटचा क्षण अचानक साधत नाही, त्याची तयारी आयुष्यभर करावी लागते, असा त्याचा आशय आहे. पन्नास वर्षांनी ते स्वतः तसेच वागले.

मला यातली संतपणाची बाजू बाजूला ठेवायची आहे. एक साधी गोष्ट उरते. विनोबांना काय हवे आहे हे त्यांच्याभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होते. त्यांनी ते स्वतः, शुद्धीवर असताना, आपल्या तोंडाने सांगितले होते आणि ज्यांनी ऐकले त्यांनी ते मानले. गागोद्यापासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात आज एखादे ८७ वर्षांचे माणूस आजारी पडले, तर यातले काय काय घडते?

बहुतेक घरांत घडते ते असे. रात्री श्वास लागतो. गावातल्या किंवा बाजारपेठेतल्या डॉक्टरला उठवले जाते. तो नाडी पाहतो, ऑक्सिजन पाहतो आणि पेणच्या किंवा रोह्याच्या सरकारी रुग्णालयात न्यायला सांगतो. तिथला डॉक्टर एक इंजेक्शन देतो, ईसीजी काढतो आणि म्हणतो, इथे सोय नाही, पुढे हलवा. पुढे म्हणजे अलिबाग, नाहीतर पनवेल, कामोठे, नवी मुंबई आणि खिशाने साथ दिली नाही तर थेट केईएम किंवा जेजे. १०८ येते, नाहीतर खासगी गाडी ठरते. मग मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि रेंगाळत राहिले. वडखळ, नागोठणे, कोलाड ही नावे या भागातल्या माणसाला खड्ड्यांसकट पाठ आहेत. त्या रस्त्यावर, हातात सलाइनची बाटली धरून बसलेल्या मुलाला किंवा पुतण्याला अख्ख्या घराच्या वतीने निर्णय घ्यावा लागतो. मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोचल्यावर त्याला विचारले जाते : व्हेंटिलेटर लावायचा का? सही करा. वेळ नाही.

सही न करणारा मुलगा मी तरी पाहिलेला नाही. कसा करणार नाही? आई समोर तडफडते आहे आणि लावा म्हटले तर ती वाचेल असे वाटते. पुष्कळदा ती वाचतेही. हे नीट सांगायला हवे, कारण लेखाच्या विषयामुळे गैरसमज व्हायला नको. झटका आलेला पन्नाशीचा माणूस, कोलाडजवळ अपघात झालेला पोरगा, सर्पदंश झालेली शेतकरीण, बाळंतपणात रक्तस्राव झालेली बाई यांना जितक्या लवकर हलवाल तितके चांगले, आणि त्यांना व्हेंटिलेटर लागला तर लावलाच पाहिजे. रायगडात आजही माणसे उपचार न मिळाल्याने मरतात. पेण तालुक्यातल्या डोंगरावरच्या कातकरी, ठाकूर वाड्यांतून आजारी माणसाला झोळी करून खाली आणावे लागते. तिथे यंत्र काढायचे की ठेवायचे हा प्रश्न कधी पोचतच नाही. मी बोलतो आहे ते ज्यांचा आजार आपला रस्ता चालून संपलेला आहे अशा माणसांबद्दल : सर्वत्र पसरलेला कर्करोग, दोन्ही मूत्रपिंडे गेलेली, चुलीच्या धुराने आणि विडीने पोखरलेली फुप्फुसे, तिसऱ्यांदा झालेला पक्षाघात, लेकीचे नावही विसरायला लावणारा स्मृतिभ्रंश. ही माणसे त्या रात्री मरायला टेकतात हा अपघात नसतो. सहा महिने, वर्षभर सगळ्यांना दिसत असते. फक्त कुणी बोलत नाही.

पुढचा अंक अतिदक्षता विभागात. तिसऱ्या दिवशी बिलाचा आकडा आवाक्याबाहेर जातो. सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणतो, फारशी आशा नाही, पण तुम्ही सांगाल तसे करू. आठव्या दिवशी घरच्यांपैकी कुणीतरी थोरला धीर करून म्हणतो, घरी नेऊ. तेव्हा केसपेपरवर एक वाक्य लिहून घेतले जाते, नातेवाइकाच्या हस्ताक्षरात : रुग्णाला आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत, पुढे काही झाल्यास रुग्णालय जबाबदार राहणार नाही. खाली सही, नाते, मोबाइल नंबर. ज्या डॉक्टरने अर्ध्या तासापूर्वी आता नेलेले बरे असे सुचवलेले असते, त्याच्याच कागदावर हे सल्ल्याविरुद्ध म्हणून नोंदले जाते. मग रुग्णवाहिकेत एक मुलगा रबरी फुगा दाबत बसतो, श्वास चालू राहावा म्हणून. घराच्या ओटीवर आणल्यावर नळी निघते. तोंडात गंगाजल, तुळशीपत्र. खाली घेतले, अशी हाळी जाते.

आपल्या देशात कायद्याने ज्याला निष्क्रिय इच्छामरण म्हटले, ते असे रोज घडते आहे. फक्त चोरून, अपराधी मनाने, वेदनाशामकाशिवाय, आणि ज्याचे मरण आहे त्याला न विचारता. माझा राग यावर आहे. यंत्र काढण्यावर नाही. ते काढायचेच होते, तर ते सन्मानाने, समजून, वेदना न होऊ देता काढता आले असते. आणि कदाचित लावावेच लागले नसते.

कायद्याची वाट लांबची आहे आणि तिचे बरेचसे टप्पे आपल्याच राज्यातले आहेत. १९८५ साली मारुती श्रीपती दुबळ नावाच्या मुंबई पोलिसातल्या शिपायाने महापालिका आयुक्तांच्या कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. अपघातानंतर त्याला मानसिक आजार जडला होता आणि बायकोला विक्रीचा परवाना मिळावा म्हणून तो खेटे घालत होता. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ रद्दबातल ठरवले. त्या निकालपत्रात सावरकर आणि विनोबा यांच्या अन्नत्यागाचाही उल्लेख आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्यान कौर खटल्यात ते कलम पुन्हा वैध ठरवले, पण सन्मानाने जगण्याच्या हक्कात आयुष्याचा शेवटचा टप्पाही येतो हे मान्य करून एक फट उघडी ठेवली.

मग अरुणा शानबाग. केईएमची परिचारिका, २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेली. पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. न्यायालयाने अरुणाच्या बाबतीत परवानगी नाकारली, पण तत्त्व म्हणून निष्क्रिय इच्छामरणाला दार उघडले. त्या निकालातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग निराळा आहे. अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. न्यायालयाने तो केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण इतकी वर्षे तिला भरवणारे, पुसणारे, कूस बदलवणारे हात त्यांचे होते. आणि त्यांना ती हवी होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली. जो सेवा करतो त्याच्या शब्दाला वजन, हा विचार आपल्या घरांत आणायला हवा. आपल्याकडे रात्री उठून लघवीचे भांडे देते सून, कूस बदलते लेक, आणि व्हेंटिलेटरचा निर्णय घेतो फोनवरचा थोरला मुलगा, जो सहा महिन्यांत आलेला नाही आणि म्हणूनच मोठ्याने म्हणतो : पैशाकडे बघू नका, सगळं करा. त्याच्या अपराधी भावनेची किंमत आई चुकती करते, घशातल्या नळीने.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, ज्यात अजय खानविलकर आणि धनंजय चंद्रचूड होते, कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे एकमताने सांगितले आणि शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याच्या कागदाला, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. पण घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती की ती कुणी वापरीना. प्रत्येक इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती बरीच सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. म्हणजे जमिनीच्या कागदपत्रांसाठी ज्या नोटरीकडे आपण जातो, त्याच्याकडेच हे होते.

इथे माझ्या आत्याबद्दल सांगतो, कारण कागद आणि माणूस यांचा मेळ कसा बसतो ते मी तिथे पाहिले. आत्या पेणची, प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. सत्त्याहत्तराव्या वर्षी मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पहाटे पाचला उठून, डबा घेऊन, भाड्याच्या गाडीने पनवेल. चार तास यंत्राला. परत येईतो संध्याकाळ. दुसरा दिवस ग्लानीत. तिसऱ्या दिवशी जरा बरे वाटते तोवर चौथ्या दिवशी पुन्हा गाडी. हातावरच्या जोडलेल्या शिरेला कान लावला की आत घरघर ऐकू यायची. नातवंडांना त्याची गंमत वाटे. दिवसाचे पाणी मोजलेले. तिची सून, म्हणजे माझी वहिनी, सकाळी स्टीलच्या तांब्यात ते भरून ठेवी आणि आत्या फुलपात्राने घोट घोट घेई. उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसे. अशी तीन वर्षे तिने काढली, आणि कुरकुर न करता काढली. त्या तीन वर्षांत एका नातीचे लग्न पाहिले, पोथीची पारायणे केली, शेजारच्या मुलांची गणिते घेतली.

मग हृदय थकले. यंत्रावर असताना रक्तदाब कोसळायचा. दोनदा शुद्ध गेली. एका दुपारी तिने शंभर पानी वही मागवली आणि मला लिहायला बसवले. मजकूर तिचा, शुद्धलेखनाच्या चुका तिने तिथल्या तिथे सुधारल्या. डायलिसिस बंद करायचे. छातीत पाणी झाले, श्वास लागला, तरी मुंबईला हलवायचे नाही. श्वासनळीत नळी नको, छाती दाबणे नको. दुखले, गुदमरले, तर त्यावरचे औषध मात्र भरपूर द्यायचे, त्याने गुंगी आली तरी चालेल. निर्णय कुणाला विचारायचा तर सुनेला; तिच्यानंतर धाकट्या मुलाला. शेवटी सही, तारीख.

थोरला मुलगा मस्कतहून आला. ओटीवर झोपाळ्यावर बसून तिने त्याला वही वाचून दाखवली. तो म्हणाला, आई, असं अभद्र काय लिहितेस, तुझा डायलिसिसचा खर्च मी देतो ना. ती म्हणाली, तुला कळवतेय, विचारत नाहीये. तो रात्रभर रडला. दुसऱ्या दिवशी तोच तिच्या डॉक्टरांकडे गेला आणि पुढे काय काय होईल ते विचारून आला. मला वाटते, त्या रडण्याने त्याचे पुढचे दहा वर्षांचे ओझे हलके केले.

कायद्याच्या दृष्टीने आत्याला डॉक्टरांच्या कुठल्याच मंडळाची परवानगी लागत नव्हती. शुद्धीवरच्या, जाणत्या प्रौढ माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहेच. इच्छापत्र लागते ते शुद्ध हरपल्यानंतरसाठी. डायलिसिस थांबवल्यावर ती अकरा दिवस जगली. पहिला आठवडा चांगला गेला. मनासारखे पाणी प्यायली, आमरस खाल्ला. शेवटच्या दोन रात्री मात्र वाईट होत्या. श्वास लागला, खाज सुटली. तिच्या डॉक्टरांनी दोन्ही रात्री घरी येऊन इंजेक्शन दिले. ते औषध मिळवायला धाकट्याला तीन दुकाने आणि शेवटी पनवेल गाठावे लागले. तो डॉक्टर आला नसता, ते औषध मिळाले नसते, तर वही असूनही आम्ही सगळे त्या रात्री रुग्णवाहिकेत असतो. ती गुदमरताना नुसते बघत बसणे कुणालाच जमले नसते.

म्हणून मला वाटते की या विषयातला खरा प्रश्न मरणाच्या हक्कापेक्षा वेदना शमवण्याच्या सोयीचा आहे. तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे. कर्करोगाच्या कळा आणि शेवटची धाप दोन्हींवर ते काम करते, आणि जाणत्या हाताने दिले तर रुग्ण सहसा व्यसनी होत नाही. आपला देश सरकारी परवान्याने अफू पिकवणारा देश आहे. तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने ते दुकानांतून आणि रुग्णालयांतून नाहीसे झाले होते. २०१४ साली कायदा बदलला, मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. पण तालुक्याच्या गावी ते लिहून देणारा डॉक्टर आणि ठेवणारी संस्था शोधावीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात ज्यांना परिहार सेवेची, म्हणजे अशी वेदना शमवणाऱ्या सेवेची, गरज आहे त्यांतल्या फक्त १४ टक्क्यांना ती मिळते. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातले या प्रकारचे पहिले. परळचे टाटा रुग्णालय आणि खारघरचे त्याचे केंद्र आहे. रोह्याच्या रुग्णाच्या दृष्टीने ही सगळी ठिकाणे महामार्गाच्या त्या टोकाला आहेत, आणि वेदना या टोकाला.

केरळने २००८ साली परिहार सेवेचे धोरण केले आणि ते काम ग्रामपंचायतींच्या अंगावर टाकले. पंचायतीने नेमलेली परिचारिका घरोघर जाते, जखमा धुते, नळी बदलते, घरच्यांना कूस बदलायला शिकवते. सोबत गावातले स्वयंसेवक असतात. यात मोठे यंत्र काहीच नाही. रायगडात आशा ताई आहेत, उपकेंद्रे आहेत, गणेशोत्सवात दहा दिवस अख्खा गाव राबवणारी मंडळे आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत रायगड होता. मात्र या योजनेची बांधणी शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातल्या उपचारांभोवती आहे. घरी पडून असलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीच्या जखमेसाठी आठवड्याला एक परिचारिका यावी, ही मागणी कुठल्या जाहीरनाम्यात मला दिसलेली नाही. मोर्चा काढावा अशी ही मागणी आहे.

इच्छामरणाच्या बाजूने बोलताना एक भीती मी कधी विसरत नाही. घरात भार झालेल्या म्हातारीला, आता पुरे म्हण, असे कुणी न बोलता सुचवू शकते. गिरगावातल्या नारायण आणि इरावती लवाटे या वृद्ध दांपत्याने २०१७ च्या अखेरीस राष्ट्रपतींना पत्र लिहून दोघांसाठी सक्रिय इच्छामरण मागितले, तेव्हा महाराष्ट्रात बरीच चर्चा झाली. दोघांना गंभीर आजार नव्हता. मूलबाळ नव्हते, आणि परावलंबी होण्याआधी जायचे होते. त्यांच्या विचारीपणाचा मी आदर करतो, पण नेदरलँड्स किंवा कॅनडासारखा इंजेक्शन देऊन मरण देणारा कायदा आपल्याकडे यावा असे मला वाटत नाही. जिथे म्हातारपणाची साधी सोय नाही, तिथे असा कायदा गरिबाच्याच मानेवर बसेल. शिवाय मरायचे आहे असे म्हणणारे प्रत्येक म्हातारे माणूस विचारपूर्वक बोलत असतेच असे नाही. एकटेपणाने, जोडीदार गेल्याने येणारे नैराश्य हा बरा होणारा आजार आहे. झोप उडाली, जेवण तुटले, जगण्यात रस उरला नाही, अशी लक्षणे असतील तर आधी डॉक्टर गाठायचा, नोटरी नाही. दुबळ शिपायाला काय हवे होते? उपचार आणि पोट भरण्याचा परवाना.

पण ज्यांना आजाराने गाठले आहे अशी माणसे जे बोलतात ते वेगळे असते, आणि ती रोज बोलत असतात. चालताबोलता न्यावं. कुणाला करायला लावू नये. नळ्या लावून घेऊन जगायचं नाही. मला माझ्या घरातच जाऊ दे. आगरी घरात, ब्राह्मण आळीत, मोहल्ल्यात, कोळीवाड्यात, शब्द बदलतात, म्हणणे हेच. आणि प्रत्येक वेळी आपण काय म्हणतो? असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. इतक्या स्पष्टपणे सांगितलेले आपण वर्षानुवर्षे गप्प करतो आणि मग रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या दारात म्हणतो, आईला काय हवं होतं कुणास ठाऊक.

पुढच्या वेळी ती तसे म्हणाली की गप्प करू नका. विचारा. म्हणजे नक्की काय नको? ऑक्सिजन चालेल? सलाइन? नाकातून अन्नाची नळी? अतिदक्षता विभागात दोन-तीन दिवस प्रयत्न करून पाहिलेले चालतील, पण त्यापुढे नको? शुद्ध नसेल तर कुणाला विचारायचे? ही उत्तरे जितकी नेमकी, तितका कागद उपयोगाचा, कारण मजकूर संदिग्ध असेल तर डॉक्टरांचे मंडळ तो बाजूला ठेवू शकते. नुसते माझे हाल करू नका असे लिहून भागत नाही. निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक माणसांची नावे घालता येतात, ती घाला, आणि त्यांत सेवा करणारी असू दे. दोन साक्षीदार, नोटरी. एक प्रत नावे असलेल्यांकडे, एक घरच्या डॉक्टरकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेत : शहरात राहत असाल तर पेण किंवा रोहा-अष्टमी नगरपरिषद, गावात असाल तर ग्रामपंचायत. तिथे नेमलेल्या अधिकाऱ्याने ती सांभाळायची, असे न्यायालयाचे म्हणणे आहे. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा महाराष्ट्रात असे अधिकारी नेमण्याचे काम हलले. गोवा या कामात पुढे गेला. तिथे ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. आपल्या खिडकीवरचा कारकून, हे काय आणलंय, असे विचारेल अशी तयारी ठेवून जा. निकालाची प्रत सोबत न्या. दहाजण गेले की अकराव्याला विचारणार नाहीत.

एक अडचण कागदाने सुटत नाही. उपचार थांबवायचे तर रुग्णालयात दोन मंडळे बसावी लागतात. पहिल्यात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ; दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक आणि पहिल्यात नसलेले आणखी दोन. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून पुढे जायचे. इच्छापत्र नसले तरी कुटुंबाच्या संमतीने हीच वाट आहे. मोठ्या रुग्णालयात हे जमते. तालुक्याच्या ठिकाणी इतके तज्ज्ञ एका वेळी गोळा होणे कठीण, आणि कायद्याला घाबरणारा डॉक्टर त्यापेक्षा सल्ल्याविरुद्धचा तो कागद पुढे करणे पसंत करतो. म्हणून या भागातल्या माणसासाठी इच्छापत्राचा सर्वांत मोठा उपयोग यंत्र काढण्याच्या वेळी नाही. तो गाडीत घालण्याच्या आधी आहे. घरच्या डॉक्टरने ते वाचलेले असेल, तर पुढे हलवा म्हणण्याऐवजी तो म्हणू शकतो, मी इथे येतो.

आणि लिहिले म्हणजे कायमचे बांधले गेलो असे नाही. शुद्ध आहे तोवर लेखी देऊन, त्याच पद्धतीने, इच्छापत्र कधीही बदलता किंवा रद्द करता येते. बोलता येत असेल तोवर तर कागद बघायचाच नाही, माणसालाच विचारायचे. आत्याने डायलिसिस थांबवल्यावर चौथ्या दिवशी वहिनीने तिला विचारले होते, आई, उद्या गाडी सांगू का? आत्याने फुलपात्र पुढे केले आणि अजून पाणी मागितले.